चौथ्या शीलाला गप्प राहिलेली बाई

“प्यायला पाणी न्हाई अन् ही बया दुधात घालती!”

रांगेत मागून कुणीतरी म्हणालं आणि दूध संस्थेच्या ओट्यावर हशा पिकला. कौसामावशी किटली धरून माझ्यासमोर उभी होती. “माय, घोटभर पाण्यासाठी टँकरमागं पळते मी. दुधात कुठलं घालू?” ती म्हणाली. आवाज मोठा होता, पण डोळे दूध तपासायच्या माझ्या मशीनवरून हलत नव्हते. दुधात पाणी असल्याचं मशीन सांगत होतं. संस्थेच्या सचिवकाकांनी त्याच बाटलीतलं दूध पुन्हा तपासायला लावलं. आकडा तोच आला. “किटली परत न्या, मावशी. छावणीचं उद्या सांजच्याला कमिटी बघंल,” ते म्हणाले, आणि हसणारे एकदम गप्प झाले.

त्या दुष्काळात संस्थेने सभासदांच्या जनावरांसाठी चारा छावणी काढली होती. नियम कडक होता: दुधात पाणी सापडलं की जनावरं छावणीबाहेर. कौसामावशीच्या दोन म्हशी छावणीत होत्या, त्यातली एक गाभण. वडवणीपासून धारूरच्या डोंगरापर्यंत शिवारात चाऱ्याची काडी उरली नव्हती. छावणीबाहेर काढलेली म्हैस किती दिवस टिकणार, हे शेतातलं काही न कळणाऱ्या मलाही कळत होतं.

पुढच्या सभासदासाठी मी बाटली उचलली आणि बोटांना ओल लागली. पाणी वाचवायचं म्हणून नमुन्याच्या बाटल्या आम्ही नळाखाली धूत नव्हतो. बादलीत बुचकळून त्या जाळीवर उपड्या ठेवायच्या आणि निथळल्यावर वापरायच्या. त्या सकाळी गर्दीत जाळी रिकामी झाली होती, आणि कौसामावशीची बाटली मी थेट बादलीतून काढली होती. तळाशी पाणी राहिलं होतं. ही दुसरी बाटली मी झटकली, फडक्याने कोरडी केली. त्या माणसाचं दूध नेहमीसारखं चोख निघालं. मान वर केली तोवर कौसामावशी ओटा उतरून रस्त्याला लागली होती. मी तिला हाक मारली नाही.

तेव्हा माझं कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं होतं, आणि सुट्टीपुरती मी संस्थेत दूध तपासायच्या कामाला लागले होते. शाळा बीडला इंग्रजी माध्यमात झाली, त्यामुळे गावात तोंड उघडलं की माझ्या मराठीला पोरी हसायच्या. म्हणून मी फारशी बोलतच नसे. कागदावर मात्र धीट होते. तत्त्वज्ञानाच्या पेपरात मी पानंच्या पानं भरून लिहिलं होतं की चांगलं वागायला धर्म लागत नाही. विचार करणाऱ्या माणसाला योग्य काय ते आपोआप कळतं. पप्पा म्हणायचे, “अगं, आपल्यात नीती हाच धर्म. वरून कुणी यायचं नाही.” मला ते माझ्याच बाजूचं वाटायचं. नीती हाच धर्म, तर मग पौर्णिमेला विहारात बसून तेच ते का म्हणायचं?

गंमत म्हणजे मी लिहिलं होतं ते खरंच निघालं. योग्य काय ते मला अर्ध्या मिनिटात कळलं होतं. चारी बाजूंनी तपासलं, कुठेही शंका नव्हती. आणि तरीही मी खुर्चीवरून उठले नाही. त्या मशीनवर आमच्या वस्तीतलं माणूस पहिल्यांदाच बसलं होतं. त्यासाठी पप्पांनी कितीतरी खेटे घातले होते. ‘यांची पोरगी बसवली म्हणून असं झालं,’ हे वाक्य कुणी म्हणायच्या आधीच मला ऐकू येत होतं. घरी मी काही बोलले नाही. जेवण गेलं नाही, त्याचं खापर उन्हावर फोडलं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. संध्याकाळचं दूध येण्याआधी विहारात वंदना होती आणि पप्पांबरोबर मी गेले. पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. आम्ही बसतो न बसतो तोच दारात एक अनोळखी बाई आली. पन्नाशीची असावी, पांढरं लुगडं, हातात पिशवी. सिरसाळ्याकडे जाणारी तिची बस फाट्यावर बंद पडली होती, आणि पंचरंगी झेंडा बघून ती सावलीला आली होती. चपला काढून ती नेमकी माझ्या शेजारी बसली.

वंदना सुरू झाली. तिचा आवाज खणखणीत होता. मी सवयीने नुसते ओठ हलवत होते. पंचशीलातलं पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तिचा आवाज एकदम थांबला. ती हात जोडून, मान खाली घालून गप्प बसली. पाचव्याला आवाज पुन्हा तसाच खणखणीत आला.

मी अनोळखी माणसाशी आपणहून कधी बोलत नाही. पण वंदना संपल्यावर मला राहवलं नाही. विचारलं, “मावशी, तुम्ही चौथं शील का नाही म्हटलं?”

ती हसली. “परवा लेकीच्या सासरी येहीणबाईला खोटं बोललेव, बाई. अजून निस्तरलं न्हाई. मग कोण्या तोंडानं घेऊ? आमची आई असंच करायची. जे मोडलं ते नीट करून यायचं, मगच घ्यायचं. नुसतं म्हणायला काय, पोपट बी म्हणतोय की.”

“आणि निस्तरायचं धाडसच झालं नाही तर?”

“तर पुढच्या पुनवेला बी गप बसायचं. लई जड जातं बघ, सगळे म्हणत्यात अन् आपुन गप. म्हनून तर निघालेव सिरसाळ्याला, तिच्याकडं.”

तेवढ्यात फाट्यावरून हॉर्न ऐकू आला. “आली वाटतं दुसरी गाडी,” म्हणत तिने चपला पायात सरकवल्या आणि ती गेलीसुद्धा. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्या क्षणी मला काय झालं, ते अजून नीट सांगता येत नाही. अंगावर सरसरून काटा आला. छाती इतकी धडधडत होती की शेजारच्यांना ऐकू जाईल असं वाटलं. भीती तिथेच होती, जराही कमी झालेली नव्हती. पण तिच्याखालून काहीतरी उसळून वर येत होतं, आणि तो आनंद होता! योग्य काय ते माझ्या डोक्याने मला कालच सांगितलं होतं. उठून उभं करणारं मात्र काहीतरी वेगळंच होतं. ते माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. बंद पडलेल्या बसमधून उतरून ते माझ्या शेजारी येऊन बसलं होतं. याला योगायोग म्हणा. मी वाद घालणार नाही. मी पप्पांना तिथेच सगळं सांगितलं. ते लगेच उठले. मग एवढंच म्हणाले, “चल, मी येतो.”

मी चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. संस्थेत कमिटीची माणसं आली होती, बाहेर किटल्यांची रांग लागली होती. आत जाऊन मी सचिवकाकांना बाटलीचं सांगितलं. ते दचकले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. म्हशी ऱ्हातील छावणीत. पर कावून बोभाटा करायचा? मशीन बिघडलं हुतं म्हनून लिहितो. तुजं नाव न्हाई, कुणाचंच न्हाई.”

चांगल्या मनाने सांगत होते ते. आणि माझं पाऊल अर्धं वळलंही होतं. म्हशी वाचल्या, माझं नाव वाचलं, आणखी काय हवं? पण हशा चारचौघांत पिकला होता. मशीनच्या नावाने लिहिलेल्या ओळीने तो पुसला जाणार नव्हता. मी पप्पांकडे पाहिलं. ते दारातून बाजूला सरकले.

त्या बाईचे उपकार मी आजही दर पौर्णिमेला आठवते. वंदनेतलं शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटायचं. त्या संध्याकाळी उलटंच झालं. ‘लोक काय म्हणतील’ याचं ओझं मी ज्या क्षणी खाली ठेवलं, त्या क्षणी पाय हलके झाले. मी ओट्यावर गेले. रांगेच्या शेवटी, इतरांपासून जरा लांब, कौसामावशी रिकाम्या हाताने कमिटीचा निकाल ऐकायला उभी होती. मराठी नेहमीसारखीच अडखळत होती. तरी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले,

“कौसामावशी, पुढे या! तुमचं दूध चोख होतं. चूक माझी होती, आणि काल मला ती कळली होती, तरी मी गप्प बसले.”