शून्य म्हणजे 'हाव'
सरकीचा वास आला की अजूनही माझं डोकं उठतं. जानेफळजवळच्या जिनिंगमध्ये मी कापसाच्या गाड्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर टाकायची. हिशेबाचं सॉफ्टवेअर जुनंच होतं. शेठच्या पुण्याच्या भाच्याने वजनकाट्यासाठी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भाषेत प्रोग्राम लिहिला आणि तो ह्या जुन्या सॉफ्टवेअरला जोडून दिला. तेव्हापासून एकेक गाडी हिशेबात दोनदा दिसू लागली. "काऊन वं, दोन-दोनदा टाकून राह्यली?" शेठ हमालांसमोर ओरडले. "म्या एकदाच टाकली, शेठ," मी म्हटलं. कोण ऐकतो! संध्याकाळी मला घरी बसवलं. नंतर भाचा आला, त्याने पाहिलं आणि हसला. नोंद झाली की जुनं सॉफ्टवेअर शून्य पाठवायचं; त्या सॉफ्टवेअरच्या भाषेत शून्य म्हणजे 'हाव', म्हणजे हो, झालं. भाच्याच्या प्रोग्रामला ते 'नाही' वाटायचं, म्हणून तो तीच नोंद आणखी एकदा पाठवायचा. भाच्याने एक ओळ बदलली, शेठनी त्याला कौतुकाने जेवायला नेलं. हे सगळं मला जिनिंगच्या चपराशाने आठवडी बाजारात सांगितलं. बोलवायला मात्र कुणी आलं नाही. आज घरी म्हैस आहे, सरकी लागतेच, पण आणायला मी जात नाही. तो खुळा प्रोग्रामसुद्धा 'नाही' ऐकल्यावर एकदा पुन्हा विचारायचा. शेठनी मला तेवढंही विचारलं नाही.