सर्कशीतली दोन माकडं

मित्रांनो, आज मन थाऱ्यावर नाही. धुळ्यात बंद पडलेल्या सर्कशीतून सोडवलेली दोन चिमुकली परदेशी माकडं मी सातपुड्यातल्या आमच्या अभयारण्यात सांभाळतो.

आज पहाटे त्यातली मादी मेली. नर तिला बिलगून बसला, कुणाला हात लावू देईना. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, तो लागलाच नाही. दुपारी त्याने स्वतःच तिला सोडलं आणि माझ्या बाहीत शिरला.

आमचे वनरक्षक नाना म्हणाले, "भाऊ, त्याले पिंजऱ्यात ठेवा. तुमनी सवय लागी जाई."

ठेवला. तेव्हापासून तो जाळीतून हात बाहेर काढून बसलाय, आणि मी सारखा उठून बघून येतोय.

एकटं उरलेलं जनावर तुमच्यापैकी कुणी सांभाळलंय का? आज रात्री त्याला कुठे ठेवू?