ताप आला नाही

देवीची लस टोचणारा आमच्या गावात आला तेव्हा अर्ध्या बाया लेकरं काखेत मारून शेतात पळाल्या. मी पळाले नाही. माझे आधीचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले होते, एक खोकल्यानं, एक हगवणीनं. या तिसऱ्याला निदान देवीनं तरी नेऊ नये, म्हणून मीच त्याचा दंड पुढे केला. बाया मला शहाणी म्हणाल्या. कौतुकानं नव्हे.

फोड छान उठला. सासू खूश झाली. टोचणी म्हणजे मातेचंच येणं, तेव्हा घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा डहाळा, पाहुण्यांना मज्जाव. इतरांची लेकरं दोन-तीन दिवस तापली, किरकिरली, आणि यथावकाश त्यांच्या खपल्या पडल्या. माझा मात्र थंडगार. ना ताप, ना फोडाभोवती लाली.

"माता खूश हाये तुह्यावर," सासू म्हणायची. मीही विहिरीवर तोऱ्यात सांगायचे, "माह्या पोराले कणकण बी नाई आली." उथळ पाण्याला खळखळाट फार.

खपली पडेना. फोड पसरत खांद्यावर गेला, मधोमध काळा पडला, मग मांडीवर नवे उठले. मातेला निरोप दिल्याशिवाय लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, आणि खपली पडल्याशिवाय निरोप नाही! शेवटी मी सासूशी भांडले. "कोप होईन तं माह्यावर होईन, आत्याबाई," म्हटलं, नवऱ्याला बंडी जुंपायला लावली आणि माजरीहून रेल्वेनं चांद्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोराला उलटंसुलटं करून तपासलं. आधीच्या दोघांचंही विचारलं. मग म्हणाले, "टोचल्यावर ताप किती दिवस होता?"

"एक दिवस बी नाई, डाक्टरसाहेब." मला वाटलं, हे ऐकून तरी त्यांचा चेहरा उजळेल.

त्यांनी पोराचं झबलं सारखं केलं. "आला असता तर बरं झालं असतं, बाई. अंग रोगाशी लढतं तेव्हा तापतं. याचं अंग लढतच नाही. माझ्याकडे यावर औषध नाही."

परतताना माजरीहून बंडीत बसले ती पोराला छातीशी आवळूनच. जी माता शांत राहावी म्हणून इतके दिवस हात जोडले, तिलाच आता शिव्या देत होते, विनवत होते. "तापव वं माय याले. एकडाव तापव." नवरा बैल थांबवून मागे वळून बघायचा, पुन्हा हाकायचा. मी घडीघडी पोराच्या कपाळाला हात लावत होते. कपाळ गारच होतं.