बांधावरच्या तोफा

गेल्या संक्रांतीच्या करीला, भर दुपारी, आर्णीच्या आमच्या वाचनालयात माझ्या मैत्रिणीवर अन्याय झाला. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धावर वादविवाद होता. "दक्षिणेचा सेनापती थोरच होता, फौज कमी पडली म्हणून हरला," असं एक पहिलवान गडी बोलला आणि टाळ्या घेऊन गेला. ही उठून म्हणाली, "त्यानं उघड्या रानातून, चढावर, तोफांसमोर माणसं पायी धाडली. ती चूक त्याचीच." तेवढ्यात अध्यक्षांनी तोडलं, "पोरी, तुले लढाईतलं काय समजते? बस खाली."

मला संताप आला, तिला युक्ती सुचली. वाचनालयामागं सोयाबीन निघालेलं चढाचं रान आहे. ती पहिलवानाला म्हणाली, "आम्ही पोरी वर बांधावर बसतो, ढेकळं घेऊन. तू तुझी फौज घेऊन चालत ये."

अख्खी सभा बाहेर आली. गडी पाच-सहा दोस्त घेऊन ऐटीत निघाला. अर्ध्या रानातच त्याचा पांढरा सदरा काळा झाला, दोस्त तर केव्हाच पळाले.

"काहून भाऊ, फौज कमी पडली का?" ती वरून ओरडली.

"फौज नाही बाई, हुकूमच येड्याचा होता!" तो हात वर करून हसला. मग त्यानंच अध्यक्षांना सांगितलं, "तिचं भाषण पुरं होऊ द्या."

सभा परत आत बसली, ती पुरं बोलली. टाळ्यांनी वाचनालयाचे पत्रे वाजले. आम्ही जिंकलो!

आता तुमचं काम. तुमच्या गावच्या सभेत कुणी पोरीला "बस खाली" म्हटलं, की तुम्ही उठून उभे राहा, आणि तिचं बोलणं पुरं होईस्तोवर बसू नका.