शिट्टी खिशात होती ते दहा दिवस

गोव्यातल्या एका क्लबकडून सात वर्षं पगारी फुटबॉल खेळलो. मग गुडघा गेला आणि काष्टीजवळच्या आमच्या गावी परतलो. शाळेत खेळाचा शिक्षक झालो, मुलींचा संघ उभा केला. रोज सकाळी सव्वासहाला मैदानावर माझी शिट्टी वाजायची. संघाबाहेर तिचा कुणाला उपयोग असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

अशात मैदानावर दुकानांचे गाळे काढायचं पंचायतीत ठरू लागलं. जागा पंचायतीची, शाळेला बोलायची सोय नाही. मी मुळात तापट. त्याच तिरमिरीत सरपंचपदाचा अर्ज भरून आलो. बायको म्हणाली, "पंचांशी भांडून मैदानाबाहेर बसायचात. इथं कुठं बसणार?"

चिन्ह मिळालं शिट्टी! मी खूश. पण समोर माजी सरपंच, मुरलेला माणूस, गाळ्यांचा बेतही त्यांचाच. त्यांनी लगेच तक्रार केली, सर रोज सकाळी सरावाच्या नावाखाली चिन्हाचा प्रचार करतात. निवडणूक अधिकाऱ्यांनी हसू दाबत मला सांगितलं, मतमोजणीपर्यंत शिट्टी खिशात ठेवा.

टाळ्या वाजवून सराव घ्यायला लागलो. मुली ऐकू आलं नाही म्हणून खुशाल खेळत राहायच्या.

मला भाषण जमत नाही. प्रचारात हात जोडून दारात उभा राहिलो, की आतून बाई विचारायची, "सर, शिट्टी का वाजंना? पोरं उठंनात, डबं व्हईनात, डेअरीला दूध उशिरा जातंय." मी खरं ते सांगायचो. "त्यांनी बंद केली व्हय? आन् आता ग्राउंडबी घेनार?" हाच प्रश्न मग माजी सरपंचांना प्रत्येक दारात ऐकावा लागला. शेवटी मारुतीच्या पारावर, सगळ्यांदेखत, त्यांनी शब्द दिला: मैदानाला हात लावणार नाही.

तो ऐकून मला आनंद झाला आणि लगेच दुसराच हिशेब मांडायला लागलो. आता मी निवडून आलो तर? दाखले, गटारी, बैठका, आणि सकाळी सव्वासहाला दारात माणसं. मैदान वाचलं होतं, मी वाचायचा बाकी होतो. पण ते निवडून आले आणि शब्द फिरवला तर? दोन्हीकडून झोप उडाली.

श्रीगोंद्याला मतमोजणी झाली. थोडक्यात हरलो. खेळायचो तेव्हा सामना हरलो की दोन दिवस जेवण जायचं नाही. त्या दिवशी तहसीलसमोर उभं राहून दोन प्लेट भजी खाल्ली. गुलालानं माखलेले नवे सरपंच तिथंच आले.

"सर, गाळं ष्टँडमागं काडू. पयल्याच मिटिंगीत ठराव घेतो."

"लेखी?"

"लेखी. पन तुमी एक करा. उद्यापासून वाजवा ती शिट्टी. आमच्याबी घरात कुनी येळंवर उठंना."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. इतका हलका मी कुठला सामना जिंकूनसुद्धा झालो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी थंडीत सव्वासहाला, अजून अंधार असताना, जरा जास्तच लांब शिट्टी मारली. मैदानापलीकडच्या घरांत दिवे लागायला लागले. पहिला लागला तो सरपंचांच्या घरात.