शालीखालचा सौदा

नगराध्यक्षांना शाल पांघरताना माझी पहिली चूक अशी झाली, की मी ती उलटी पांघरली. कळंबच्या दुकानाची चिठ्ठी वर आली आणि सगळ्या गावानं वाचली. दुसरी चूक शालीखाली झाली, ती कुणालाच दिसली नाही.

नगराध्यक्ष म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. आम्ही त्यांना दादा म्हणतो, आणि निवडून आल्यापासून जरा मोठ्यांदा म्हणतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या आडत दुकानात सत्काराला रांग लागली होती. मला बायकोनं पाठवलं होतं, आणि ते अभिनंदनासाठी नव्हे. आमच्या घरापुढची नाली तुंबते. जोराचा पाऊस झाला की पाणी उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात येतं, आणि बायको पिठाचे डबे पलंगावर चढवून त्यांच्या शेजारी स्वतः बसून राहते. नाली तुंबते ती दादांच्या गोदामामुळं. ट्रक आत घेता यावा म्हणून त्यांनी नालीवर सिमेंटचा उतार टाकलाय. व्यापारी होते तोवर ते म्हणायचे, "नगरपालिकेला सांग." आता नगरपालिका तेच झाले होते.

"आजच सांगून या," बायको म्हणाली होती. "गळ्यात हार असला की माणसाला न्हाय म्हणता येत नाही."

आता शालीखालचं सांगतो. आमच्याकडं जुन्या बाजारात एक रीत होती. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं धरायचे आणि बोटांवर भाव ठरवायचे. भोवती दहा माणसं उभी असली तरी तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी हात दाबला की सौदा पक्का. आता बाजार समितीत उघड लिलाव होतो, पण दादांचा हात अजून कापड शोधतो. मी शाल पांघरली, वाकून कानात "दादा, ती नाली..." एवढं म्हणालो, तोवर त्यांनी शालीखाली माझा हात धरला, बोटं चाचपली आणि दाबला. मीही दाबला. फोटोवाला म्हणाला, "हसा."

घरी येऊन सांगितलं, "झालं काम." बायकोनं त्या दिवशी शिरा केला.

शिऱ्याची चव तोंडात होती तोवर दादांचा फोन आला.

"लिहून झालं का रं?"

"काय?"

"घराण्याचा इतिहास. शालीखाली कबूल केलंस की! व्यापारी मंडळी मंगल कार्यालयात जाहीर सत्कार करायलीत. तिथं तू वाचायचं. मराठीचा मास्तर हाईस, घरचाच."

"दादा, मला वाटलं नालीचं..."

"नाली कुठं पळून चाललीय? हात दाबल्यावर मागं फिरत नसतेत. आपलं खानदान हाय."

तर आमचं खानदान असं. पणजोबा कर्नाटकच्या अंगानं एका बैलावर मीठ लादून इकडं आले. एकच बैल, कारण दुसरा वाटेत नळदुर्गला विकावा लागला. ते मराठीत भांडायचे आणि कानडीत मोजायचे, त्यामुळं गिऱ्हाइकाला शिवी समजायची, हिशेब समजायचा नाही. आजोबांनी येरमाळ्याच्या जत्रेत नारळ-चुरमुऱ्याचं पाल टाकलं. थोरल्या काकांनी गावात किराणा दुकान मांडलं आणि दादांनी त्याची आडत केली. आधी तूर, मग सोयाबीन. माझे वडील त्याच दुकानात बसून वर्तमानपत्र वाचायचे, म्हणून मी मास्तर झालो. दादांनी धंद्यात "औंदा काय खरं न्हाय" याशिवाय दुसरं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. निवडणुकीच्या भाषणात मात्र म्हणाले, "देवाच्या दयेनं सगळं हाय, आता फक्त सेवा." बाजारातली माणसं एकमेकांकडं बघत राहिली. इतकी वर्षं सगळं हाय, आणि कुणाला पत्ता नाही!

हा इतिहास मी लिहून नेला. दादांनी नमुन्याची तूर बघावी तसा कागद उजेडात धरला.

"ह्यात खडे लई हाईत," ते म्हणाले. "बैल काढ. घोडा घाल."

"मीठ घोड्यावर?"

"मग मीठ बी काढ."

मीठ गेलं. चुरमुरे गेले. नळदुर्गला बैल विकला होता, तिथं 'किल्ल्याशी जुना संबंध' आला. दादा आजोबांपाशी येऊन थांबले.

"रझाकाराच्या काळात आजोबा लढले, असं टाक."

"कुणाशी?"

"ते लोकं समजून घेतेत."

"आणि नाली?"

"कार्यक्रम तर होऊ दे."

मी मनातल्या मनात नालीकडं बघितलं आणि आजोबांच्या हातात बंदूक दिली.

मंगल कार्यालय भरलं होतं. पुढच्या रांगेत दादांची आई होती. तिला आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. तिला ऐकू कमी येतं म्हणून कार्यकर्त्यांनी तिची खुर्ची बरोबर कर्ण्याखाली ठेवली होती. ही चूक माझी नव्हती.

"...आणि आमचे आजोबा बंदूक घेऊन रझाकारांसमोर छातीठोकपणे उभे राहिले," असं मी वाचलं.

"कोण? मामंजी?" अव्वा म्हणाली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. "आरं, रझाकार आले तवा मामंजी पेवात बसून व्हते! सासूबाई वरनं दोरीनं भाकरी सोडायच्या. तर कालवण कुठंय म्हणून आतनं वरडायचे. सासूबाईनंच सांगितलंय मला."

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. वर एक माणूस उतरेल एवढंच तोंड. सभागृह असं हसलं की मला पुढची ओळ सापडेना. दादांनी शांतपणे माझ्या हातातला माईक घेतला.

"अव्वा खरं बोलली!" ते म्हणाले. "आजोबा पेवातच व्हते. कशासाठी? गावाचं धान्य राखायसाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"रिकामं व्हतं की रं पेव," अव्वा म्हणाली. पण टाळ्यांच्या आवाजात ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं, आणि पहिल्या रांगेत सगळे दादांचेच होते. हा माणूस पदावर टिकणार, हे मला त्या क्षणी कळलं.

जेवणाच्या मांडवात मी त्यांना गाठलं. "दादा, इतिहास झाला. आता नाली. पावसाळा तोंडावर आलाय."

त्यांनी अंगावरच्या नव्या शालीचं टोक माझ्या हातावर टाकलं, बोटं धरली, डोळे मिटले आणि दाबली. काय करणार, माझाही हात त्याच घराण्यातला. मीही दाबला.

घरी बायको वाटच बघत होती. ती नळदुर्गची, बैलबाजारातल्या दलालाची मुलगी. मी सगळं सांगितलं. अव्वाचं ऐकून ती हसली, शालीचं ऐकून हसायची थांबली.

"माल कुठं होता?" तिनं विचारलं.

"कसला माल?"

"अहो, माझ्या बाबांनी जन्म घालवला ह्यात. माल समोर उभा असल्याशिवाय हातावर कापड टाकत नसतेत. बैल न बघता हात दिला की दावणीला काय येईल ते येईल. तुमच्या दावणीला आजोबा आले." मग तिनं पिठाचा एक डबा उचलून पलंगावर ठेवला. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता, तरी ठेवला. "पुढच्या सत्काराला मी येते. नारळ तुमी धरा, नालीची भरलेली बादली मी धरते. माल नाकासमोर असला म्हंजे भाऊजींना बी भाव लावायला बरं पडंल."