काका मावतील एवढी मेमरी

आमच्या पोलादपुराकडे लग्न किती मोठं झालं ते सीडी किती निघाल्या यावरून ठरायचं. एका सीडीचं लग्न म्हणजे जवळजवळ पळून जाऊन केलेलं. दोन निघाल्या तर बरं. तीन निघाल्या की मुलीचा बाप वर्षभर छाती काढून एसटीत चढायचा.

आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे. कॅमेरा खांद्यावर आला की ह्यांना नवरदेवापेक्षा जास्त मान. मुंबईच्या दिरांनी त्यांच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला, तेव्हा ह्यांनी महाडला जाऊन कॅसेट कापायचं आणि गाणी लावायचं काम शिकून घेतलं. घरी येऊन आठवड्याभरात त्याचा कंटाळाही करून घेतला. ह्यांना चार माणसांत मिरवायला लागतं, आणि हे काम भिंतीकडे तोंड करून करायचं. मला भिंतीकडे तोंड करूनच बरं वाटतं. म्हणून ते माझ्याकडे आलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पडद्यावरचं इंग्रजी मला वाचता यायचं नाही, पण कुठलं बटण कुठे आणि दाबल्यावर काय होतं ते ह्यांच्या मागे उभं राहून पाठ झालं होतं. कापायचं, जोडायचं, मध्ये गुलाब उडवायचा. नवरी पाठवणीला रडायला लागली की पडद्यावर बदाम फुटायचा. बदामाशिवाय कोणी सीडी घेत नसे.

मी बाजारात मान वर करून चालत नाही. पण सगळा तालुका मला तोंडपाठ. समोरून कोणी भारदस्त बाई आली की मला आठवायचं, हिने मांडवात पदराआड चार जिलब्या पिशवीत टाकल्या. तिला मी कोण ते ठाऊक नसायचं. असं सुख फार कमी लोकांना मिळतं.

त्या मे महिन्यात कॉम्प्युटर अडकायला लागला. नवरी हार घालायला हात उचलायची आणि तशीच राहायची. गुलाब अर्ध्यात लटकायचा. सासूबाई येता-जाता बघायच्या. "अजून नाय घातला गो हार? मुहूर्त टळला की!"

हे दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. त्याने डबा उघडला, आतली हिरवी पट्टी उपटली, खोडरबर मागितला आणि शाळेतल्या पोरासारखी ती पट्टी घासून परत बसवली. अर्धा दिवस बरं चाललं. मग पुन्हा नवरीचा हात वर.

"याला मेमरी कमी पडते," तो म्हणाला. "तुमचं सगळं सामान आतल्या कोठीत हाय, पण काम ओट्यावर होतं ना? ओटा लहान हाय. अजून एक पट्टी टाका."

मला लगेच पटलं. आमच्या ओट्यावर परात ठेवली की कुकर जमिनीवर जायचा.

ह्यांना मात्र पटलं नाही. महाडला एक मिक्सिंगवाला होता. त्याला कॅसेट दिली की तो तयार सीडी द्यायचा. हे म्हणाले, "जुन्या म्हशीला नवीन शिंगं कशाला? मशीन विकू, काम महाडला देऊ. तुलापण आराम."

आराम म्हणजे काय ते मला माहीत होतं. सासूबाईंनी तांदळाचं पिंप कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ठेवायचं आधीच ठरवलं होतं, आणि ते पिंप घासायला मीच होते. मला ती खुर्ची सोडायची नव्हती. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे मला कशेडी घाट चालत चढल्यासारखं.

तेवढ्यात शिवथरकडच्या एका वाडीतलं लग्न द्यायची वेळ आली. मुंबईचे चाकरमानी परत जायच्या आत सगळ्या वाडीला सीडी बघायची होती. मशीन तर हलेना. हे म्हणाले, "काय कापायचं ते काप, पण शनिवारी दे."

मला वाटलं, आहे त्या मशीनवर काम होतं हे दाखवायची हीच वेळ. मी कापत सुटले. नुसते उभे असलेले कापले, जेवणारे कापले, तिसऱ्यांदा आहेर घेणारे कापले. जसजसं लग्न लहान झालं तसतसं मशीन शेळीसारखं पळायला लागलं. शनिवारी सगळं लग्न एका सीडीत मावलं. मी खूश.

हे सीडी घेऊन वाडीवर गेले आणि न जेवता परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाचे काका आमच्या दारात. मे महिन्याच्या उकाड्यात अंगात सफारी.

"ह्योच सफारी घातलेला मी," काका बसायच्या आधीच म्हणाले. "मुद्दाम महाडातनं शिवून आणला. आनि सीडीत काय दिसतो? माजा कोपर!"

"काका, मशीन जुनी हाय..." हे म्हणाले.

"नवऱ्याचा सख्खा चुलता मी! अंतरपाट धरलेला. अंतरपाट दिसतो, मग धरणारा कुठं गेला? का तो हवेत उभा राहिला? नि एवढा मोठा लगीन, एकच सीडी? मुंबईवाले हसले आमाला."

"चुकलं, काका. आता सगळं महाडच्या मिक्सिंगवाल्याकडे देतो. तो बरोबर करतो."

झालं. खुर्ची गेली, पिंप आलं. मी दाराआड होते. कुठून आवाज आला कळलं नाही, पण तो माझाच होता.

"काका, तुम्ही हायत. कॅसेटमध्ये पुरते हायत."

सासूबाईंचा अडकित्ता थांबला.

"कोण बोललं?" काकांनी विचारलं.

"सून," सासूबाई म्हणाल्या. "बोलते कधी कधी."

काकांना आत नेलं, कॅसेट लावली. मला ते कुठे आहेत ते शोधावं लागलं नाही. मांडवाच्या डाव्या खांबाजवळ काका उभे. मग अंतरपाट धरलेले काका. मग पंगतीत आग्रह करणारे काका. ते माझ्या खुर्चीवर बसून स्वतःकडे बघत राहिले. सफारीची कॉलर नीट केली. पडद्यावरची नाही, अंगावरची.

"मग ह्यो सीडीत का नाय?"

"मशीनला जास्त माणसं झेपत नाहीत," मी जमिनीला सांगितलं. "मेमरी टाकली तर मावाल."

काका ह्यांच्याकडे वळले. "मग टाक की रे ती! चुलत्याला जागा नाय, नि म्हने मिक्सिंगवाला. त्यो महाडचा मला वळखतो काय? हिला म्हायत हाय मी कुठं उभा होतो."

ह्यांना नाही म्हणता येईना. त्याच वाडीत पुढच्या वर्षी अजून लग्नं निघणार होती आणि काका त्या सगळ्यांचे चुलते होते.

संध्याकाळच्या एसटीने हे महाडहून मेमरी घेऊन आले. शर्टाच्या खिशात, कंगव्याएवढी. सासूबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. "ह्याच्यात त्यो एवढा मोठा मानूस मावनार?" पिंप पडवीतच राहिलं.

लग्नाच्या आता तीन सीडी निघणार होत्या. कापलेले सगळे मी परत आणले, जिलब्यांसकट. मशीन सुरळीत चाललं होतं. मग मध्येच चित्र थांबलं. एवढं करून पुन्हा अडकलं? जवळ जाऊन बघितलं तर मागे एक पोर पळत होतं, पंखा फिरत होता.

काकाच हलत नव्हते. कॅमेरा समोर आला म्हणजे फोटो, अशी त्यांची समजूत. श्वास रोखून, छाती काढून उभे.

मी त्यांच्याभोवती एक गुलाब फिरता ठेवला, म्हणजे बघणाऱ्यांना कळावं की सीडी अडकलेली नाही.